राशीची किंमत नेमकी कधी निघते? मॅक्सिमातलं एक अवतरणचिन्ह आणि दोन अवतरणचिन्हं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मॅक्सिमा या बीजगणित करणाऱ्या संगणक-प्रणालीमध्ये तुम्ही एक बैजिक राशी साठवली आणि तिच्यावरून फंक्शन केलं:

राशी : क्ष^२ + १;
फ(क्ष) := राशी;
फ(३);

उत्तर १० यायला हवं होतं, आलं क्ष^२ + १. कुणीतरी सुचवलं की उजवीकडच्या राशीआधी दोन अवतरणचिन्हं लावा. लावली, १० आलं. मग तीच युक्ती तुम्ही फॉर लूपमध्ये (तेच काम फेरीफेरीने पुन्हा करणाऱ्या आज्ञेत) वापरली आणि उत्तर पुन्हा चुकलं. एक चिन्ह काय करतं, दोन काय करतात आणि बाहेर चालणारी गोष्ट लूपमध्ये का चालत नाही, हे तुम्हाला समजून घ्यायचं आहे.

(इथे आज्ञांची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. यंत्रावर अर्थातच रोमन लिपीत टंकायची.)

घाईत असाल तर एवढंच करा: फ(क्ष) := राशी याच्या जागी डिफाइन(फ(क्ष), राशी) लिहा. लूपमध्येही चालेल. पण नुसता तोडगा घेऊन गेलात तर पुढच्या आठवड्यात हीच अडचण वेगळ्या वेषात समोर येईल. मी हे विद्यार्थ्यांच्या बाबतीत अनेकदा पाहिलंय आणि सुरुवातीच्या वर्षांत स्वतः भोगलंय. म्हणून थोडं मुळापासून सांगतो.

मॅक्सिमा तुमच्या ओळीवर तीन वेगवेगळी कामं करतं आणि ती तीन वेगवेगळ्या क्षणी होतात. आधी ते ओळ वाचतं, म्हणजे अक्षरांमधून राशीचं झाड उभं करतं. मग त्या झाडाची किंमत काढतं. शेवटी आलेल्या राशीला सरळरूप देतं. 'किंमत काढा' आणि 'सरळरूप द्या' हे शब्द मी मुद्दाम शाळेच्या बीजगणितातून घेतलेत, कारण तिथे हा फरक आपल्याला पक्का माहीत असतो. क्ष = ३ असताना ३क्ष + २क्ष ची किंमत काढा म्हटलं की आपण १५ लिहितो. ३क्ष + २क्ष ला सरळरूप द्या म्हटलं की ५क्ष लिहितो, तिथे क्ष किती आहे याच्याशी घेणंदेणं नसतं. मॅक्सिमाच्या आत या दोन कामांसाठी दोन निराळे कारागीर आहेत. किंमत काढणाऱ्याचं लिस्पमधलं (मॅक्सिमा ज्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलंय तिच्यातलं) नाव एमइव्हॅल, सरळरूप देणाऱ्याचं सिम्प्लिफाया. किंमत काढणे म्हणजे 'या नावाच्या पेटीत काय ठेवलंय?' असं विचारून नावाच्या जागी ते ठेवणे, आणि फंक्शनला हाक मारली असेल तर ते चालवणे. सरळरूप देणे म्हणजे पेट्यांना हात न लावता बीजगणिताचे नियम लावणे.

आता तुमच्या तीन ओळी सावकाश चालवू. पहिल्या ओळीत क्ष च्या पेटीत काहीच नाही, म्हणून क्ष ची किंमत क्ष. 'राशी' या पेटीत क्ष^२ + १ हे झाड गेलं. दुसऱ्या ओळीत := आहे. या चिन्हाचा स्वभाव असा की ते उजवीकडच्या मजकुराची किंमत काढत नाही, जसाच्या तसा ठेवून देतं. म्हणजे फ च्या पोटात 'राशी' हे एकच नाव आहे, त्यात क्ष कुठेच नाही. तिसऱ्या ओळीत फ(३) म्हटल्यावर क्ष च्या पेटीत तात्पुरते ३ ठेवले जातात आणि पोटातल्या मजकुराची किंमत काढली जाते. मजकूर आहे 'राशी'. पेटी उघडली, आत क्ष^२ + १ मिळालं. काम संपलं.

इथेच सगळी मेख आहे. मॅक्सिमा किंमत एकदाच काढतं. पेटीतून बाहेर आलेल्या झाडात क्ष दिसतोय म्हणून पुन्हा क्ष ची पेटी उघडायला जात नाही. फ(क्ष) := क्ष^२ + १ असं थेट लिहिलं असतं तर मजकुरातच क्ष असता आणि त्याचे ३ झाले असते. तुमचा क्ष एका पेटीच्या आड होता, म्हणून वाचला.

हे लहान रूपात पाहा:

अ : ब;
ब : ३;
अ;

उत्तर येतं ब. मेपल या दुसऱ्या अशाच प्रणालीत हेच उघड्यावर, म्हणजे कोणत्याही फंक्शनच्या वा लूपच्या बाहेर, लिहिलं तर ३ येतं, कारण मेपल अशा वेळी नावांचा माग शेवटपर्यंत काढतं. गंमत अशी की तेच मेपल प्रोसीजरच्या (त्याच्या फंक्शनच्या) आतल्या स्थानिक चलांसाठी मात्र एकच पायरी उतरतं. मॅथेमॅटिका ही तिसरी प्रणाली राशी बदलायची थांबेपर्यंत किंमत काढत राहतं. हे वागणं पहिल्या दिवशी सोयीचं वाटतं. पण तिथे रिकाम्या क्ष ला क्ष = क्ष + १ म्हणून पाहा: क्ष ची किंमत क्ष + १, त्यातल्या क्ष ची पुन्हा क्ष + १, असं खोल खोल जात शेवटी मर्यादा ओलांडल्याची तक्रार येते. मॅक्सिमात क्ष : क्ष + १ निमूट चालतं. एकदा दिलंत की पेटीत क्ष + १, पुन्हा दिलंत की क्ष + २. माझं मत विचाराल तर राशी हीच ज्यांची कच्ची सामग्री आहे त्यांच्यासाठी एकदाच किंमत काढण्याचा नियम अधिक प्रामाणिक आहे. साठवलेलं सूत्र सूत्र म्हणून टिकतं. किंमत दुसऱ्यांदा हवी असेल तर ती मागावी लागते, एवढंच.

आता एक अवतरणचिन्ह. ही खूण लिस्पमधून आली. एमआयटीत १९६८ साली मार्टिन, एंगलमन आणि मोझेस यांनी मॅक्सिमाचा पूर्वज लिस्पमध्येच उभारायला घेतला; तेव्हाचं त्याचं नाव मॅकसिमा. (पुढे विल्यम शेल्टर यांनी त्याची एक आवृत्ती १९८२ पासून एकहाती सांभाळली, १९९८ मध्ये ती खुल्या परवान्याखाली देण्याची परवानगी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याकडून मिळवली आणि २००१ मध्ये ते गेले. आज आपण हे फुकट वापरतो ते त्या माणसामुळे, हे माहीत असावं.) लिस्पमध्ये कार्यक्रम आणि माहिती एकाच साच्याची असते, त्यामुळे 'हे चालव' आणि 'हे नुसतं धर' यात फरक सांगणारी खूण लागतेच. मराठीत आपण हेच करतो. पाणी प्यायलो म्हणताना पाणी हा पदार्थ असतो. 'पाणी' दोन अक्षरी आहे म्हणताना तो शब्द असतो. अवतरणात टाकलेला शब्द स्वतःकडे बोट दाखवतो, अर्थाकडे नाही.

मॅक्सिमात 'क्ष म्हणजे क्ष हे नाव, पेटीत काहीही असो. याचा रोजचा उपयोग असा. सकाळी कधीतरी तुम्ही क्ष : ५ दिलंय आणि विसरलात. दुपारी अवकलनाची आज्ञा डिफ(साइन(क्ष), क्ष) दिली की तक्रार येते: दुसऱ्या जागी चल हवं, सापडले ५. कारण डिफ आपल्या सगळ्या जागांची किंमत आधी काढून घेतं. त्याच्या हाती साइन(५) आणि ५ पोचले. डिफ(साइन('क्ष), 'क्ष) लिहिलं तर कॉस(क्ष) मिळतं, आणि ते कॉस(क्ष) म्हणूनच छापलं जातं, कारण पुन्हा एकदाच-किंमतीचा नियम. बेरजेची आज्ञा सम मात्र आपल्या मोजणीच्या चलाची किंमत काढत नाही, म्हणून आय च्या पेटीत ७ असले तरी सम(आय^२, आय, १, ४) बरोबर ३० देतं. कोणती आज्ञा कोणती जागा न उघडता घेते हे आज्ञागणिक ठरलेलं आहे आणि ते मार्गदर्शिकेतच पाहावं लागतं. पेटी रिकामी करणारी किल आपल्या जागा न उघडता घेते, नाहीतर किल(क्ष) म्हणजे ५ ला मिटव असा अर्थ झाला असता.

एकेरी चिन्हाचा दुसरा उपयोग जास्त मोलाचा आहे. ते फंक्शनच्या नावाआधी लावलं तर हाक मारली जात नाही, फक्त तिची नोंद राहते. अवकल समीकरण देताना हे अटळ आहे. ते सोडवणाऱ्या आज्ञेला ओडीई२(डिफ(य, क्ष) = य, य, क्ष) असं दिलं तर मॅक्सिमाला य आणि क्ष यांचं नातं ठाऊक नाही, म्हणून डिफ(य, क्ष) ची किंमत जागीच शून्य होते आणि सोडवायला ० = य एवढंच पोचतं. ओडीई२('डिफ(य, क्ष) = य, य, क्ष) दिलं की अवकलन न करता अवकलज म्हणून टिकतं आणि उत्तर येतं य = सी · ई^क्ष. मॅक्सिमाच्या भाषेत पहिलं क्रियापद, दुसरं नाम. 'डिफ म्हणजे 'अवकलन' हे नाम, डिफ म्हणजे 'अवकलन कर'. नाम झालेलं पुन्हा क्रियेत आणायचं तर इव्ह(राशी, नाउन्स). 'इंटिग्रेट(१/(१ + क्ष^२), क्ष) हे न सोडवलेलं संकलन आधी छापायचं आणि मग इव्ह ने एटॅन(क्ष) काढायचं, ही वर्गात फळ्यावर लिहिल्यासारखी पद्धत मी नेहमी वापरतो.

कंसाची जागा जपा. अ : ५ असताना 'फ(अ) हे फ(५) देतं, कारण चिन्ह फक्त हाकेला लागलं आणि आतल्या अ ची किंमत निघाली. '(फ(अ)) हे फ(अ) देतं, कारण तिथे कंसातलं सगळंच जपलं गेलं.

आणि एक मर्यादा, जिथे बहुतेक जण अडखळतात. '(२ + ३) लिहिलं तरी ५ च येतं. चिन्हाने किंमत काढणाऱ्याला थांबवलं, पण २ + ३ चं ५ करणं हे सरळरूप देणाऱ्याचं काम आहे आणि त्याला अवतरणाशी देणंघेणं नाही. '(साइन(पाय)) चं शून्य होतं तेही त्याच कारणाने. सरावाच्या कागदासाठी २ + ३ तसंच छापायचं असेल तर सिम्प : फॉल्स करावं लागतं, काम झालं की आठवणीने परत ट्रू करा, कारण तोवर मॅक्सिमा क्ष + क्ष सुद्धा तसंच ठेवेल आणि बाकीच्या आज्ञा गोंधळतील. एखादी गोष्ट अवतरणात घालूनही बदलली तर 'हे किंमत काढल्यामुळे झालं की सरळरूपामुळे?' एवढा प्रश्न स्वतःला विचारला की निम्मी कोडी सुटतात.

आता दोन चिन्हं. आधी एक खबरदारी: ही दोन एकेरी चिन्हं शेजारी शेजारी आहेत, दुहेरी अवतरण नव्हे. दुहेरी टंकलंत तर मजकुराची स्ट्रिंग होते.

एक चिन्ह किंमत काढणं थांबवतं, म्हणून दोन चिन्हं दुप्पट थांबवत असतील असं वाटणं साहजिक आहे. ती नेमकं उलट करतात. ''राशी म्हणजे 'ओळ वाचतानाच राशीची किंमत काढ आणि ती इथे लिहिलीच होती असं समज'. म्हणून फ(क्ष) := ''राशी ही ओळ मॅक्सिमाने वाचून होते तेव्हा तिच्यात राशी हे नाव उरलेलंच नसतं; तिथे फ(क्ष) := क्ष^२ + १ असतं, तुम्ही हाताने टंकल्यासारखं. फ(३) चे १० होतात. वरच्या अ, ब च्या उदाहरणात ''अ दिलं तर वाचताना अ च्या जागी ब येतो, मग नेहमीप्रमाणे किंमत काढताना ब चे ३ होतात.

दुकानातली पाटी आठवा: 'आज रोख, उद्या उधार'. ती पाटी कधीच खोटी ठरत नाही, कारण 'उद्या' या शब्दाची किंमत पाटी रंगवताना निघत नाही, गिऱ्हाईक वाचेल त्या दिवशी निघते. := ने ठेवलेला मजकूर तसा असतो. रंगाऱ्याने 'उद्या' च्या जागी त्या दिवशीच्या हिशेबाने तारीख रंगवली असती तर दुकानदाराला ती एकदा तरी पाळावी लागली असती. दोन चिन्हं म्हणजे ती तारीख रंगवणं.

आणि म्हणूनच तुमचा लूप फसला. तुम्ही लिहिलं होतं:

फॉर क : १ थ्रू ३ डू (राशी : एक्स्पांड((१ + क्ष)^क), फ(क्ष) := ''राशी);
फ(२);

तीन फेऱ्यांनंतर फ म्हणजे (१ + क्ष)^३ आणि फ(२) म्हणजे २७ अशी तुमची अपेक्षा. आले ५. फॉर पासून अर्धविरामापर्यंतची अख्खी ओळ मॅक्सिमाने आधी वाचली. त्या वाचनातच ''राशी ची तारीख रंगवली गेली, आणि त्या घडीला राशीच्या पेटीत काय होतं? सकाळचं क्ष^२ + १. लूपची पहिली फेरी अजून सुरूच झालेली नव्हती. मग तीनही फेऱ्यांत फ(क्ष) := क्ष^२ + १ हीच व्याख्या पुन्हा पुन्हा झाली, आणि फ(२) चे ५.

मॅक्सिमा नव्याने उघडून हाच लूप चालवलात तर आणखी वेगळं दिसेल. तेव्हा राशीची पेटी रिकामी, म्हणून ''राशी चं राशीच राहतं, फ(क्ष) := राशी अशी व्याख्या होते आणि फ(२) चं उत्तर क्ष^३ + ३क्ष^२ + ३क्ष + १ असं येतं. तुमच्या पहिल्या प्रश्नातलीच चूक. म्हणजे एकच लूप, दोन बैठकांत दोन चुकीची उत्तरं. यातलं दुसरं बरं, कारण क्ष दिसल्याबरोबर काहीतरी चुकल्याचं कळतं. पहिल्यात नीटनेटका आकडा येतो. मी एकदा अशाच शिळ्या किंमतीवर दोन दिवस आलेख काढत बसलो होतो; आलेख गुळगुळीत होते, फक्त ते आदल्या दिवशीच्या राशीचे होते. तेव्हापासून माझा नियम असा: दोन चिन्हं फक्त उघड्यावर, हाताने ओळ टंकताना. फंक्शनच्या पोटात, लूपमध्ये किंवा ब्लॉकमध्ये (स्वतःचे स्थानिक चल असलेल्या आज्ञांच्या गटात) कधीही नाही.

तिथे काय वापरायचं? डिफाइन. हे := चं भावंड आहे, पण ते दुसऱ्या जागेची किंमत आधी काढतं, आणि वाचताना नाही तर चालताना काढतं. लूपच्या प्रत्येक फेरीत त्या क्षणी राशीत जे असेल ते फ च्या पोटात जातं.

ग(क्ष) := डिफ(क्ष^२, क्ष) हा जुना सापळाही याच वळणाचा. ग(३) म्हटलं की क्ष च्या जागी ३ बसतात, डिफ(९, ३) मागितलं जातं आणि तक्रार येते. डिफाइन(ग(क्ष), डिफ(क्ष^२, क्ष)) दिलं तर अवकलन व्याख्येच्या वेळीच उरकतं, पोटात २क्ष राहतो, ग(३) चे ६. मात्र डिफाइन वापरताना क्ष ची पेटी रिकामी असायला हवी. क्ष मध्ये जुने ५ पडले असतील तर आधी किल(क्ष), नाहीतर सगळं काम ब्लॉक([क्ष], ...) च्या आत करा, तिथला क्ष कोरा असतो. कोणत्या पेट्या भरलेल्या आहेत हे पाहायचं असेल तर नुसतं व्हॅल्यूज टंका, यादी समोर येते. काही विचित्र दिसलं की मी सगळ्यात आधी तीच पाहतो.

फंक्शन न करता एकाच ठिकाणची किंमत हवी असेल तर सबस्ट(३, क्ष, राशी) पुरेसं आहे, आणि बऱ्याचदा तेच योग्य असतं. काही जण सुचवतात की फ(३) चं उत्तर पुन्हा एकदा किंमत काढायला द्या. त्याचा उपयोग नाही. फ मधून बाहेर पडताक्षणी क्ष च्या पेटीतले ३ काढून घेतलेले असतात.

राहिला तुमचा शेवटचा मुद्दा: तीन फेऱ्यांतली तीन वेगवेगळी फंक्शनं एका यादीत हवीत. डिफाइनने एकच फ पुन्हा पुन्हा बदलत राहील, म्हणून इथे लॅम्डा, म्हणजे बिननावाचं फंक्शन, हवं. पण लॅम्डाही := सारखंच आहे, आतल्या मजकुराची किंमत काढत नाही. यादीत नुसतं लॅम्डा([क्ष], राशी) घालत गेलात तर तीनही खणांत एकच मजकूर बसेल आणि लूप संपल्यावर तिघंही शेवटच्याच राशीकडे बोट दाखवतील. इतर काही भाषांत लॅम्डा आपल्या जन्माच्या वेळचे चल सोबत बांधून घेतं. मॅक्सिमात तसं होत नाही, नाव हाकेच्या वेळीच शोधलं जातं. यावर उपाय बिल्डक्यू. त्याला आधी सांगायचं की कोणत्या नावांच्या जागी आत्ताची किंमत भरायची, मग साचा द्यायचा. साच्यातलं बाकी सगळं ते अवतरणात असल्यासारखं जपतं. (खालचं एंडकन्स यादीच्या शेवटी एक खण जोडतं.)

यादी : [];
फॉर क : १ थ्रू ३ डू (राशी : एक्स्पांड((१ + क्ष)^क), यादी : एंडकन्स(बिल्डक्यू([राशी], लॅम्डा([क्ष], राशी)), यादी));

बिल्डक्यूच्या साच्यात फक्त 'राशी' या नावाची जागा भरली जाते. पहिल्या फेरीत लॅम्डा([क्ष], क्ष + १), दुसऱ्या फेरीत लॅम्डा([क्ष], क्ष^२ + २क्ष + १), असं. चालवल्यावर यादी छापून पाहा, 'राशी' हा शब्द तिच्यात कुठेही उरलेला दिसता कामा नये. मग यादी[१](२), यादी[२](२) आणि यादी[३](२) मागा: ३, ९ आणि २७ येतील.